सहा तासांची वायर

"तुझी आवीहा तयार आहे रे, हैसम. आता तू लग्नाला उभा राहा, म्हणजे झालं."

आई हे फोनवर म्हणाली होती. तिच्यामागे समुद्र गाजत होता आणि कुणाच्या तरी हातून भांडं पडलं होतं. त्याला फार वर्षं झाली. आई जाऊनही आता तिसरा उन्हाळा.

मीना या अरब बंदरगावातल्या आईच्या त्याच घरात हैसम कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसला होता. पट्टी हलायला तयार नव्हती. शनिवारी माँट्रियलमध्ये त्याचं लग्न. नवरदेव पायरी चढला की बायका त्याला उद्देशून आवीहाच्या, म्हणजे कौतुकाच्या, ओळी गातात. त्याला त्या आईच्याच आवाजात हव्या होत्या. तेवढ्यासाठी तो दोन विमानं बदलून आला होता आणि चार वाजता खाली टॅक्सी येणार होती.

"नऊला लावली तेव्हा सहा तास दाखवत होती," तो म्हणाला. "तीन वाजत आले, अजून तासभर दाखवतेय. ही माझी डिस्क बघ, अंगठ्याएवढी. एवढा माल ही वीस सेकंदांत गिळते."

"गिळेल की. भरवणारा म्हातारा आहे, त्याला ती काय करील?"

नुहाद त्याची थोरली बहीण. शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. दाराशी बसून ती मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती आणि देठ जरा जोरातच मोडत होती.

आईच्या जुन्या डिस्कला शेवयांच्या पट्टीसारखी रुंद, चपटी वायर होती. हैसमच्या लॅपटॉपला ती लागण्यासारखी नव्हती. म्हणून डिस्क घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात, आणि डब्याच्या मागच्या जुनाट पोर्टमधून गावभरच्या लग्नांत गायलेली आई थेंब थेंब बाहेर येत होती.

"हा डबा भंगारात का नाही घातलास? या देशात सगळंच असं रखडत चालतं."

"तू गेल्यापासून जरा बरं चाललंय."

हैसम उठला. निदान दाढी-अंघोळ तरी उरकू, म्हणून न्हाणीघरात गेला आणि त्याने गीझरचं बटण दाबलं.

खट्.

पंखा थांबला. फ्रिज गप्प झाला. पडदा काळा पडला.

"गीझर लावलास?" नुहादचा आवाज आला.

त्याने बटण पुन्हा बंद केलं.

"पाच अँपिअर आहेत, हैसम. जनरेटरवाला या घराला पाचच देतो. गीझर लावायचा तर आधी बाकीचं काढायचं. गल्लीतलं शेंबडं पोरही हे विसरत नाही. तू विसरलास."

पानांचं ताट आपटून ती खटका वर करायला खाली गेली.

डब्यामागच्या अंधारात वायर निसटली की काय ते बघावं, म्हणून हैसमने टॉर्चसाठी खण उघडला. टॉर्च मिळाली. तिच्याखाली एक छोटी काळी जोडणी होती. एका टोकाला रुंद, चपट्या वायरीचं तोंड; दुसऱ्या टोकाला आजकालची बारीक पिन. पिनेवरचा रंग वापरून वापरून उडालेला.

पंखा सुरू झाला. नुहाद धापा टाकत वर आली, तेव्हा जोडणी त्याच्या तळहातावर होती.

"हे घरात होतं?"

"होतं."

"हे लावून डिस्क थेट माझ्या लॅपटॉपला जोडता आली असती?"

"आली असती."

"किती वेळ लागला असता?"

"पंधरा मिनिटं. डिस्क बिचारी धावते रे. मागचं पोर्टच अरुंद आहे."

"आणि मला तू मुद्दाम सकाळपासून त्या अरुंद पोर्टशी बसवलंस?" त्याचा आवाज फाटला. "मी एका दिवसासाठी आलोय, नुहाद. एका!"

"म्हणूनच. पंधरा मिनिटांत काम झालं असतं, तर साडेनऊला तू बंदरावर मित्रांत असतास. आईच्या मातीला तू मोबाइलवर आलास, तेव्हाही तुझं चित्र अडकलं होतं. तोंड उघडं, आवाज नाही. सगळ्या बायका बघत होत्या. थोरली मी, पण गावाने आईला जन्मभर उम्म हैसम म्हटलं, हैसमची आई. तो हैसम या खुर्चीवर एक दिवसभर बसावा, एवढंच मला हवं होतं."

खाली हॉर्न वाजला. टॅक्सी वेळेआधीच आली होती. हैसमने जोडणी टेबलावर फेकली आणि अंगठ्याएवढी डिस्क खेचून काढली.

"माझी आवीहा यात आली का, तेवढं सांग. बाकीचं राहू दे."

पुन्हा हॉर्न वाजला.

"नुहाद, आली का?"

"ती आईच्या डिस्कमध्ये नव्हतीच."

त्याने मुठीतल्या डिस्ककडे बघितलं.

"तिने भरू दिली नाही. म्हणायची, नवरदेव समोर असल्याशिवाय आवीहा म्हणायची नसते, डब्यात कसली भरतेस? शेवटच्या आठवड्यात मला बसवलं आणि पाठ करून घेतली. एक शब्द चुकला की पहिल्यापासून. फोनवर तुला सांगणार होते. तू मातीला आला नाहीस, मग नाही सांगितली. कधीच सांगणार नव्हते."

तिने ओल्या, हिरव्या बोटांनी कपाळावरचे केस मागे सारले. सूर लावला नाही. भांडणाच्याच आवाजात, त्याच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली,

"आवीहा, बंदरावर दिवे लावा, माझ्या हैसमची नाव आली.
आवीहा, नारिंगाला फुलं आली, त्याच्या माथ्यावर सावली झाली.
आवीहा, कुणी म्हणे उशीर झाला, कुणी म्हणे रात्र झाली.
आवीहा, दार मी लावलंच नव्हतं. म्हणा, वेळेवर स्वारी आली."