सांगणारीचं नाव

"या बिबड्यांची कृती कुणाची?" पुण्याहून आलेल्या खरेदीदार बाईंनी थेट कॉम्प्युटरलाच विचारलं.

कामिनी पदराला हात पुसत पुढे झाली. जळगावातल्या या दोन खोल्यांच्या उद्योगात भागीदार दोघी, ती आणि सोनल. पण हात तिचे. दादर ज्वारी किती भिजवायची, शिजलेला घाटा चुलीवरून कधी उतरवायचा, ओल्या लुगड्यावर हा पापडासारखा बिबडा किती पातळ थापायचा, सगळं पहूरला आईच्या हाताखाली शिकलेलं. कृती जिची ठरेल तिचंच नाव पाकिटावर जाणार होतं, आणि सौदा झाल्यावर निघणाऱ्या नव्या कारखान्यातल्या बाया तिच्याच हाताखाली शिकणार होत्या.

"सोनलताईंची," उत्तर आलं.

कामिनीने वळून शेजारी बसलेल्या सोनलकडे पाहिलं.

हा एआय मदतनीस सोनलनेच आणलेला. "तू नुसती बोल," ती म्हणाली होती, "तो पुस्तकी मराठीत लिहून ठेवेल. गोष्टीगणिक वेगळी फाइल, खाली सांगणारीचं नाव. पुढे कधीही विचार, सगळ्या फायली धुंडाळून सांगेल." कामिनीने त्याचं नाव नाना ठेवलं. घरातलं जुनंपानं लक्षात ठेवायचं काम नानाचंच असतं ना! सगळा उन्हाळा घाटा ढवळता ढवळता ती त्याच्याशी बोलली. आईने मरेपर्यंत शेजारणीला जे कळू दिलं नाही, ते त्याला सांगून बसली. आणि पहिल्याच दिवशी, सगळ्यांत आधी, हसत म्हणाली होती, "नाना, सोनल मनी बहीणच शे. तिन्हावर डोया झाकीसन इस्वास ठेव."

काल दुपारी "नावं नीट करते" म्हणत सोनल कॉम्प्युटरपुढे का बसली होती, ते आता कळलं. प्रत्येक फाइलखालची कामिनी तिने पुसून टाकली होती.

"बघितलंत ना?" सोनल बाईंना म्हणाली. "कामिनी थापायला मदत करते मला."

मदत करते! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. समोरचं बिबड्यांचं ताट तिच्या अंगावर भिरकावावं असं कामिनीला वाटलं. डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. कॉम्प्युटरकडे वळली.

"नाना, तुनी पहिली फाइल काढ. तिन्हामा काय लिखेल शे, वाच."

"राहू दे गं, आता कशाला?" सोनल घाईघाईने उठली. नावं बदलताना वरचा मजकूर वाचायची तसदी तिने घेतली नव्हती.

नानाने क्षणभर शोधलं. मग बाईंसमोर, नेहमीच्याच शांत आवाजात वाचलं:

"सोनल माझी बहीणच आहे. तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेव. सांगणारी, सोनल."