न मळलेली माती

पुंजाजीनं पेन टेकवून जरा दाबला, आणि संगणकाच्या पडद्यावरच्या करड्या गोळ्याला डावीकडं गाल आला तसाच उजवीकडंही आला. उजवीकडं तर त्यानं हातसुद्धा लावला नव्हता.

“हे दुसरं कोण करून राह्यलं?” त्यानं विचारलं.

“सिमेट्री हाये मामाजी,” सून वर्षाराणी मागून म्हणाली. “एका बाजूनं करा, दुसरी बाजू आपोआप होते. अर्धी मेहनत वाचली तुमची.”

पुंजाजीनं मान हलवली. वाचलेल्या मेहनतीचं करायचं काय, हे विचारायचा त्याला कंटाळा आला.

शेलूबाजारात घरोघरी त्याच्या हातचे महालक्ष्म्यांचे मुखवटे होते. पण रुख्मिणी गेली आणि त्यानं माती सोडली. माती मळायची ती. तिच्यामागं त्यानं स्वतः मळून पाहिली, गोळा हातात घेऊन बसला, पण हातांना काही सुचेना. रडूही आलं नव्हतं, तेरवीला नाही आणि नंतरही नाही. ताट समोर आलं की जेवायचा, ऊन अंगावर आलं की सरकून बसायचा. शेवटी वर्षाराणीनं नवऱ्याचा जुना संगणक मांडला, त्याला पडद्यावर कोरायचं पाटी-पेन जोडून दिलं. “इथं माती मळा लागत नाही,” ती म्हणाली होती. “आईचं तोंड करा. फाईल पाठवली का हे पुण्याहून मशीनवर तशीच मूर्ती छापून आणतीन. वर्षश्राद्धाले पाटावर ठेवता येते.”

म्हातारा शिकला मात्र. मूर्ती मागून कशी दिसते हे पाहायला पहिल्या दिवशी तो उठून पडद्याच्या मागं गेला होता. पेन पाण्याच्या वाटीत बुडवायला निघाला, तेव्हा वर्षाराणीनं वरच्यावर हात धरला आणि पोट धरून हसली. आपणही हसायला पाहिजे, हे पुंजाजीला कळलं. कळलं, तेवढंच.

आज फाईल पाठवायची होती. नाक उतरलं, ओठ उतरले, दोन्ही भिवया मापून कोराव्या तशा आल्या. वर्षाराणीनं वाकून पाहिलं.

“मामाजी, हे त महालक्ष्मीच झाली पुन्हा.”

झाली होती खरी. दर वेळी तीच होत होती. त्यानं मोबाईलमधला आधार कार्डाचा फोटो जवळ धरून पाहिला. त्या फोटोत रुख्मिणी कोणाचीही बायको वाटत होती. मग त्यानं डोळे मिटले. तिचं तोंड काही डोळ्यांपुढं येईना. जन्मभर देवीचे डोळे कोरले आणि बायकोच्या तोंडाकडं धड पाहायचं राहूनच गेलं. याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. भीती मात्र वाटली. आज ती हाताला लागली नाही, तर पुढं कधी लागायची नाही.

वर्षाराणी चहा ठेवायला आत गेली. पुंजाजीनं पेन ठेवायला हात उचलला, तो पेन पाटीवर घसरला आणि पडद्यावरचं डोकं पुढं कलंडलं. आता तोंड दिसेना. समोर नुसता माथा, त्याखाली कपाळाचा उतार आणि नाकाचं टोक.

त्याचा हात तिथंच थांबला.

इथून तो तिला ओळखत होता. तो स्टुलावर, ती खाली जमिनीवर. परातीत माती, दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, मान खाली. रोज हेच तर पाहिलं होतं. हा माथा. आणि भांग. सकाळच्या घाईत आरशात न पाहता काढलेला, म्हणून कायम डावीकडं सरकलेला.

त्यानं खाच पाडायचा ब्रश घेतला आणि भांग ओढला. दोन भांग आले, एक इकडं, एक तिकडं.

“वर्षा!” तो एवढ्या जोरानं ओरडला की त्याचा त्यालाच आवाज परका वाटला. “हे सिमेट्री बंद कर पयले!”

ती चिमटा हातात घेऊनच धावत आली. आधीचे दोन्ही भांग काढून तिनं सिमेट्री बंद करून दिली. पुंजाजीनं पुन्हा भांग ओढला. एकच आला, वाकडा. मग त्यानं डोकं सरळ केलं, गुळगुळीत करायचा ब्रश घेतला आणि देवीचे डोळे, भिवया, ओठ सगळं सावकाश पुसून काढलं.

“मामाजी! तोंडच पुसून टाकलं तुमी? आता काय पाठवू मी?”

पुंजाजीनं डोकं पुन्हा पुढं कलंडवलं.

“मान खाली हाये तिची,” तो म्हणाला. “माती मळून राह्यली.”

वर्षाराणी पाहत राहिली. आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

“मंग असंच पाठवू?” तिनं हळूच विचारलं.

“नको. माती आजून वली हाये.”

तो उठला. खुंटीवर रुख्मिणीच्या जुन्या लुगड्याचं फडकं होतं. मुखवटा अर्धा राहिला की संध्याकाळी त्यावर ते ओलं करून टाकायचं, नाही तर माती वाळून तडकते. हे काम तिचंच होतं. पुंजाजीनं ते बादलीत बुचकळलं आणि तसंच निथळत घेऊन संगणकाकडं आला.

वर्षाराणीच्या तोंडाशी ओरडणं आलं होतं. खाली वायरींचा गुंता, बोर्ड चालू. तिनं आधी काम सेव्ह केलं, संगणक बंद केला, बोर्डाचं बटण बंद केलं. मग सासऱ्याच्या हातातलं फडकं घेऊन ती अंगणात गेली आणि त्यात थेंब उरणार नाही एवढं पिळलं.

परत येऊन तिनं ते स्वतःच पडद्यावर टाकलं आणि सासू खोचायची तसे त्याचे चारी कोपरे आत खोचले.