पुसलेली फरशी

"वाफेने कुठे फरशी स्वच्छ होते," असं पुटपुटत सासूबाई माझ्या हट्टाखातर नवा स्टीम मॉप हॉलभर फिरवत होत्या.

तेवढ्यात सासरे वॉकर धरून आले आणि नुकत्याच पुसलेल्या जागी त्यांचा अनवाणी डावा पाय पडला. पक्षाघातानंतर त्या पायाला काहीच कळत नव्हतं. परवा चप्पल निसटून गेली, तरी त्यांना पत्ता नव्हता.

"अहो, आत्ता पुसलंय तिथे," सासूबाई खेकसल्या. ओल्या फरशीवर पाय ठेवायची या घरात कुणाची टाप नव्हती.

सासरे हलले नाहीत. पायाकडे बघत हळूच म्हणाले, "गरम लागतंय. डाव्याला."

सासूबाईंनी पुढची फरशी पुसली, बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "आता इथे ठेवा."