उन्हावरची चाकं

"मागा ना एकदाचं! जीभ झडणार आहे का?" कप विसळता विसळता बायकोनं सुनावलं.

तिच्या नवऱ्यानं, तळेवाल्यानं, दारातून डोकावून पाहिलं. बाहेर तिचा धाकटा भाऊ टेम्पोला टेकून उभा होता. मागे मासे वाहायची पिंपं, झाकणं घट्ट लावलेली.

"बघा, पिंपं घेऊनच आलाय," ती कुजबुजली. "न सांगता कळलं त्याला. माझाच भाऊ तो!"

तळेवाल्याला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. याच मेहुण्यापुढे त्यानं काय कमी फुशारक्या मारल्या होत्या? तळ्यात हवा घुसळणारी चाकं आधी विजेवर चालायची आणि बिल मानगुटीवर बसायचं. सौर पॅनेल लावली नि पठ्ठ्यानं वीजजोडणीच तोडून घेतली. "बॅटरी घ्या," बसवणारा म्हणाला होता. "पुढच्या वर्षी बघू," हा म्हणाला. मोठा शहाणा! दिवसा चाकं भिंगरीसारखी फिरायची. पण दिवसा उन्हात शेवाळच पाण्यात प्राणवायू सोडतं. माशांचा जीव गुदमरतो तो पहाटे, आणि पहाटे चाकं सूर्याची वाट बघत थांबलेली. गेल्या आठवड्यात आभाळ भरून आलं आणि दुसऱ्या सकाळी सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं. नवराबायकोनं रडत रडत खड्डा खणला आणि मासे पुरले. कुणाला कळू दिलं नाही.

आता या हंगामात तळ्यात माशांची पिल्लं सोडली नाहीत, तर खंडानं घेतलेलं तळं हातचं जाणार होतं. विकत आणायची ऐपत नव्हती. स्वतः पिल्लं वाढवणारा आणि नाही न म्हणणारा माणूस एकच, हा मेहुणा.

दोघं काठावर आले.

"काय दाजी, मासे दिसत नाहीत?"

"उन्हाचे तळाशी बसतात लेकाचे." त्यानं मूठभर खाद्य टाकलं. ते नुसतंच तरंगत राहिलं. नशीब, मेहुणा चाकांकडे बघत होता.

"आणि बिल?"

"बिल? ते काय असतं?" जुना विनोद सवयीनं तोंडातून निसटलाच. मेहुणा हसला नाही.

"तुझ्याकडे कसं काय?"

"चाललंय."

दारातून बायको डोळे वटारत होती. तळेवाल्यानं घसा खाकरला. त्याला स्वतःची मनस्वी शरम वाटत होती.

"एक मागायचं होतं तुझ्याकडे. म्हटलं, घरच्यांपुढे कसली लाज..."

"थांबा दाजी, आधी मी मागतो. नाहीतर माझा धीर जाईल." मेहुण्यानं त्याचे दोन्ही हात धरले. "पिल्लं काढायला थोडे मासे द्या. आमचं तळं परवा पहाटे गेलं, औषधालासुद्धा मासा उरला नाही. तुमचं बघूनच तर मी वीज तोडली होती."