कंट्रोलचा तुकडा

टाकीत पेशींपासून वाढवलेलं मटण बाजारात आल्यापासून प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्यावर अँटिबॉडी टाकून बघावी लागे. माणसाचं प्रथिन असलं, तरच पट्टी निळी होई. तुलनेला, म्हणजे 'कंट्रोल' म्हणून, वृंदा नेहमी स्वतःच्या डब्यातला खाटकाकडच्या खात्रीच्या मटणाचा तुकडा घ्यायची.

आज टाकीवाल्या कंपनीच्या नमुन्याची पट्टी पांढरीच राहिली. डब्याची निळी झाली.

"तुमचाच हात लागला असणार, मॅडम," शेजारच्या टेबलावरून फडतरे म्हणाले.

तिने हातमोजे बदलले, तुकडा मधोमध कापून आतला भाग घेतला. पट्टी आणखी गडद झाली. तिने घरी फोन लावला.

"आई, ते मटण सईला देऊ नका!"

"अगं, उरलंय कुठे?" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "पोरीने वाटी चाटूनपुसून संपवली. रोज हेच हवं म्हणतेय."