दहामिनिटे

पंप सुरू होऊन तास झाला तरी बोटीतून पाणी येतच होतं. काळपट, डिझेलचा वास मारणारं. त्याबरोबर एक चप्पल आली, मग उशीतला स्पंज. क्रेनवाले काका पाइप धरून उभे होते. दुपारी बुडी मारून आले होते, तेव्हाचे कपडे अजून अंगावर ओलेच होते.

सकाळी नऊला त्यांनीच ही बोट क्रेननं पाण्यात उतरवली होती. दुपारी एकला ती बाकांपर्यंत भरली, आणि मालकीणबाई आत होत्या. काकांनी केबिनचं दार लाथ मारून उघडलं आणि त्यांना ओढून बाहेर काढलं.

आता बाई धक्क्यावरच्या बाकावर ब्लँकेट गुंडाळून बसल्या होत्या. त्यांची मुलगी चार तास गाडी हाकत आली होती, आणि आल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता.

"चार महिने बोट तुमच्याकडे रंगाला होती, आणि उतरवताना तळाचं बूच बसवायचं राहिलं? बादलीला बूड आहे की नाही हे न बघता पाणी भरायला जातं का कुणी?"

धक्क्याचे मॅनेजर हात चोळत होते. बोट जमिनीवर असली की पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून तळाचं बूच काढून ठेवतात, उतरवण्याआधी आतून, पायऱ्यांखालची फळी उचलून, ते आवळून परत बसवतात. हे सगळं त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. समजावण्यात काही राम नव्हता.

"माझी आई मेली असती!" मुलगी म्हणाली.

मग ती बाकाकडे वळली.

"आणि आई, कमरेपर्यंत पाणी येईस्तोवर तुला जाग कशी नाही आली गं?"

"झोपेची गोळी घेतली होती," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

मॅनेजरांनी काकांना जरा बाजूला घेतलं. वयानं ते काकांच्या मुलासारखे, त्यामुळे रागवायलाही त्यांना जड जात होतं.

"काका, खरं सांगा. तुमच्या हातून हे झालं?"

प्रश्न रास्त होता. बोट पाण्याला टेकली तरी काका क्रेनचे पट्टे सोडत नसत. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबत, आत उतरून तळाशी हात फिरवत, कुठे ओल लागते का बघत. मागचे बोटवाले खोळंबून शिव्या घालत, पण काका ढिम्म. धक्क्यावर त्यांचं नावच पडलं होतं 'दहामिनिटे', जणू पिढीजात आडनाव. सत्तावीस वर्षांत एका बोटीत पेलाभर पाणी शिरलं नव्हतं.

"राहिलं साहेब," काका म्हणाले. "गर्दी होती."

"गर्दी? तुम्ही कधीपासून गर्दीला भीक घालायला लागलात?"

"वय झालं."

मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, "विमावाल्यांना लेखी लागेल, नावासकट. आणि नाव गेलं की तुमचं क्रेनचं लायसन्स गेलं. कुठल्याच धक्क्यावर परत उभं करणार नाहीत. कळतंय ना?"

क्रेनशिवाय काकांना दुसरं काही येत नव्हतं. घरी गेल्यावर बायको आधी हसेल, तिला थट्टाच वाटेल. मग ती काय म्हणेल, याचा विचार त्यांनी केला नाही.

"कळतंय. आणा कागद."

त्यांनी क्रेनच्या बॉनेटवर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या आणि सही केली.

मॅनेजर तो कागद घेऊन मायलेकींकडे गेले. "सगळा खर्च आमचा. आठवड्याभरात बोट कोरडी करून देतो. बाईंना परत राहायला…"

"आठवड्यात कशी होईल?" काका मधेच म्हणाले. "फळ्या फुगल्यात. वायरिंग गेलं, इंजिन उघडावं लागेल. चार महिने तरी धरा. तोवर आत कुणी राहायचं नाही."

मॅनेजरांनी डोळे वटारले. आपलाच माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय म्हणजे काय!

"राहण्याचं नावच नको," मुलगी म्हणाली. "आईला मी घेऊन चाललेय. बाबा गेल्यापासून ये म्हणतेय, तर घर बंद करून या डबड्यात येऊन राहायची. आता ऐकणार नाही मी."

"बरं होईल," काका म्हणाले. "दमल्यात त्या. कुणीतरी सतत सोबत असू द्या."

"आता हे तुम्ही मला शिकवणार?"

मुलगी पाय आपटत गाडी आणायला गेली, आणि मॅनेजर कागद घेऊन ऑफिसात गेले. पंप बंद केल्यावर धक्का एकदम शांत वाटायला लागला.

बाईंनी दुपारपासून पहिल्यांदाच काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बूच तुम्ही बसवलं होतंत. मी तिथेच उभी होते."

"हो."

"पक्कं बसवलं होतंत."

"हो."

"मग असं का लिहून दिलंत?"

गाडी वळून येत होती. काकांनी त्यांना उठायला हात दिला.

"नाही लिहिलं असतं, तर मुलीनं विचारलं असतं, बाई, मग ते काढलं कुणी."