जिथे शेक लागेल तिथे

पडद्यावर यकृतातली गाठ काळीच होती आणि उजव्या हाताची पाचही बोटं लखलखत होती. कौसल्याबाईंना काही उमगेना.

औषध काल शिरेतून दिलं होतं. ते रक्तात मुकाट फिरायचं आणि जिथे शेक लागेल तिथेच उघडायचं आणि उघडलं की पडद्यावर चमकायचं, असा त्याचा गुण. आज पोटावर गरम पट्टा बांधून ते गाठीत उघडायचं आणि लगेच वरून किरण द्यायचे, असं ठरलं होतं. पण पट्टा बांधला तेव्हा अंगात औषध उरलंच नव्हतं.

"मावशी, गरम कशालाही हात लावू नका म्हटलं होतं ना?" डॉक्टर निंबाळकर म्हणाल्या.

"नाही लावला. चहासुद्धा गार करून प्यायले. अंघोळही गार पाण्यानं केली."

"मग सकाळपासून केलंत काय?"

"काही नाही. यांच्या डब्याला धरून सात भाकरी टाकल्या, तेवढंच."

"उलटल्या कशानं?"

"हातानं. आणखी कशानं उलटतात?" कौसल्याबाईंनी बोटं निरखून पाहिली. रोजच्यासारखीच तर होती.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आता पुढचं औषध तीन आठवड्यांनी. तोवर गाठ वाढली नाही म्हणजे मिळवली. आणि काका, त्या वेळी भाकरी तुम्ही करायच्या."

अंबादासराव गडबडले. "मी? अहो मॅडम, हात भाजेल की माझा."

कौसल्याबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. भाकरी उलटताना हात भाजतो, हे त्यांच्या घरात चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं.